तिनं अंगठा पुसला

टेबल टेनिसच्या मॅचआधी आपली बॅट समोरच्याच्या हातात द्यायची असते. नियमच आहे तसा: दोन्ही बाजू प्रतिस्पर्ध्याला आणि अंपायरला पाहू द्यायच्या. आमच्या संध्याकाळच्या खेळाला अंपायर कुठून येणार, पण बॅट दाखवायची रीत मात्र सगळे पाळतात. मला ती आवडते. भांडणाआधी आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात देऊन 'बघून घे' म्हणण्यात एक जुना सभ्यपणा आहे. त्या संध्याकाळी समोर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या बरोबरीची मुलं आली नव्हती, आणि माझ्याशी खेळण्यावाचून गत्यंतर नाही हे तिनं फारसं लपवलंही नव्हतं. तिनं माझी बॅट घेतली, लाल बाजू पाहिली, उलटली, आणि काळ्या रबरावरून अंगठा फिरवला. मधोमध, जिथं चेंडू सगळ्यात जास्त वेळा लागतो तिथं, अंगठा क्षणभर थांबला आणि मग घसरत पुढं गेला. "चालेल, मावशी," म्हणून तिनं बॅट परत दिली. आणि टेबलाच्या पलीकडं जाता जाता तो अंगठा शॉर्ट्सला पुसला.

मुद्दाम केलं नव्हतं तिनं. म्हणूनच लागलं.

मॅच मी जिंकले. तीन-दोन, शेवटचा गेम ११-९. तिच्या सर्व्हिस खरं तर भारी होत्या. चेंडू तळहातावरून उंच जायचा, खाली येताना मनगटाचा एक झटका, आणि माझ्या बाजूला टप्पा पडल्यावर तो जणू कुणी हाक मारल्यासारखा भलतीकडंच वळायचा. पण माझ्या बॅटवर आला की मुकाट परत जायचा. दुसऱ्या गेमनंतर ती गोंधळली, तिसऱ्यानंतर चिडली, आणि शेवटी हात मिळवताना तिनं विचारलंच, "माझी सर्व्हिस तुम्हाला कळते कशी?" मी बॅट कव्हरमध्ये सारत म्हटलं, "अनुभव." हा शब्द उच्चारताना झालेलं सुख मी नाकारणार नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर अशी सुखं रोज थोडीच मिळतात! पण घरी पोचेपर्यंत त्या सुखाची चव गेली होती. जिंकलेला गेम आठवेना, पुसलेला अंगठा आठवत राहिला.

रात्री बॅट कव्हरमधून काढली आणि दिव्याखाली तिरपी धरली. गेले कित्येक महिने ती रोज माझ्या हातात होती, पण मी तिच्याकडं पाहिलंच नव्हतं. हातातल्या वस्तूंचं असंच होतं. काळ्या बाजूवर करडी साय धरली होती. मधोमध छोट्या बशीएवढा एक गोल, तो मात्र चकचकीत, घोटून घोटून गुळगुळीत झालेला. त्याच्या भोवती पांढरट चंद्रकोरी, चेंडूच्या भुकटीच्या. नवा प्लॅस्टिकचा चेंडू पेटीतून काढला की अंगावर ती भुकटी घेऊनच येतो, आणि पहिल्या काही रॅलींत ती टेबलावर, बॅटवर, बोटांवर सारखी वाटून टाकतो. लाल बाजूला खालच्या अंगाला, जिथं माझी तर्जनी टेकते, तिथं घामाचा आणि कातडीच्या तेलाचा गडद पट्टा. बोट उचललं तरी बोट तिथंच होतं. रबरावर लावायचा पारदर्शक कागद बॅटबरोबर आला होता, तो कधीच किटबॅगच्या तळाशी चुरगळून गेला होता. मी काळ्या रबरावरून अंगठा फिरवला. घसरला. मग, बघणारं कुणी नसतानाही, मी तो कपड्याला पुसला.

चेंडू घेऊन रबरावर दाबला आणि बोटाखालून ओढून पाहिला. ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते, आणि ती सहसा दुसऱ्याच्या बॅटवर घेतली जाते. रबर ताजं असलं तर चेंडू घसरत नाही, हट्टानं जागा धरून ठेवतो, आणि फारच जोर लावला तर 'चर्र' असा कातडं ओढल्यासारखा आवाज करत सरकतो. माझा चेंडू फरशीवरून सरकावा तसा निवांत गेला. गंमत म्हणजे लाल बाजू जरा बरी होती. म्हणजे काळ्या बाजूचा फोरहँड जास्त वापरला होता, लाल बाजूचा बॅकहँड कमी. ज्याला त्याला आपली दैनंदिनी लिहायची हौस असते, आणि ती अशी भलत्याच जागी लिहून ठेवलेली सापडते.

चेंडू रबरावर टेकतो तो सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता. २.७ ग्रॅमचा तो चेंडू आणि जेमतेम ४ मिलिमीटरच्या आतलं ते सँडविच. वर रबराचा पापुद्रा, त्याचे पिंपल्स म्हणजे बारीक उंचवटे आतल्या बाजूला वळवलेले, खाली स्पंज. एवढ्याशा वेळात पापुद्रा चेंडूला धरतो, थोडा त्याच्याबरोबर ओढला जातो, स्पंज दबतो आणि मग दोघं मिळून त्याला सोडतात. टॉपस्पिन, चॉप, साइडस्पिन, म्हणजे चेंडू पुढं, मागं की आडवा फिरणार, ही सगळी मिजास त्या एका स्पर्शात ठरते. त्या दोघांच्या मध्ये धूळ, तेल, घाम यांचा केसापेक्षा पातळ थर आला तरी ती भेट होत नाही, नुसती ओझरती गाठ पडते. चिनी पद्धतीची चिकट रबरं तर याबाबतीत फारच तापट. नवं असताना बॅट उलटी धरली तरी चेंडू क्षणभर लोंबकळत राहतो, आणि चिकटपणा म्हटल्यावर हॉलमधली सगळी धूळही त्याचीच पाहुणी. जपानी आणि युरोपी धाटणीची रबरं बोटाला चिकट लागत नाहीत, पण ओढून पाहिलं की पकड कळते. त्यांच्यावरची घाण लवकर दिसत नाही. माझं तसलं होतं. न दिसणाऱ्या घाणीचा फायदा असा की ती न पाहिल्याचा दोष आपल्याकडं येत नाही.

बॅट पुसायला मला दादानं शिकवलं. माझा थोरला भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि टेबलाशी उभा राहिला की पंधरा वर्षांनी. आमच्या दोघांत मिळून एकच चांगली बॅट होती. तो पेन-होल्ड खेळायचा, म्हणजे लेखणी धरावी तशी बॅट धरून एकाच बाजूनं सगळे फटके मारायचे. तेव्हा पेन-होल्डची मागची बाजू कुणी फारशी वापरत नसे. त्यामुळं त्याची एक बाजू रिकामीच होती. ती त्यानं मला दिली. काळी त्याची, लाल माझी. मीही मग बॅट उलटी करून पेन-होल्डच खेळायचे. वाटणी इतकी चोख होती की चुकून काळ्या बाजूनं चेंडू मारला तर तो पॉइंट मिळाला तरी त्याच्या हिशेबात मला मिळत नसे. खेळून झालं की तो बॅट तोंडासमोर धरून 'हाऽऽ' करायचा, आरशावर करतात तसा. रबरावर वाफ धरली की तळहातानं वरून खाली एक हात फिरवायचा. मग मला म्हणायचा, "आता तुझी." आणि मी माझ्या बाजूवर हाऽऽ करायचे. त्याच्या श्वासाला गोळ्यांचा वास असायचा. ही सगळी विद्या अर्धी बरोबर होती आणि अर्धी चूक, हे मला फार उशिरा कळलं. वाफ ठीक. पण तळहात म्हणजे तेलाचा आणि मिठाचा साठा. एका हातानं धूळ काढायची आणि त्याच हातानं चिकटा लावायचा. तरी मोठमोठ्या सामन्यांतही सर्व्हिस घेण्याआधी खेळाडू बॅटवर हाऽऽ करून हात फिरवताना दिसतात, आणि मला बरं वाटतं. दर सहा पॉइंटनंतर टॉवेल घ्यायची मुभा असते, टॉवेल तिथंच असतो, पण हात बॅटकडं जातो तो जातोच. स्वच्छतेचं ते निमित्त असतं. खरं तर हातातल्या वस्तूला 'आहेस ना?' असं विचारून घ्यायचं असतं.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

दादाची एक मोठी मॅच होती. आदल्या दिवशी तो घरी नव्हता आणि बॅट होती. मला वाटलं, त्याच्यासाठी काहीतरी करावं. वय दहा-अकरा, प्रेमाची व्याख्या म्हणजे घासणं. मी बादलीत कपडे धुवायची पावडर कालवली, जुना टूथब्रश घेतला आणि त्याची काळी बाजू पांढरा फेस येईतो घासली. माझी लालही घासणार होते, पण हात दुखले. मग बॅट उभी करून गच्चीच्या कठड्यावर दुपारच्या उन्हात ठेवली, लवकर वाळावी म्हणून. संध्याकाळी काढायला गेले तर दांड्याजवळ रबराचा काठ वर वळला होता, मधे एक फुगा आला होता, आणि काळा रंग राखेसारखा भुरकट झाला होता. मी अंगठ्यानं फुगा दाबला. तो बाजूला सरकला. पुन्हा दाबला, पुन्हा सरकला. त्या वेळी पोटात जे झालं ते आजही रबराचा नुसता वास आला की होतं.

त्या दुपारी त्या रबराचं काय झालं हे मी पुढं कधीतरी समजून घेतलं. रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. नुसता चीक उन्हाळ्यात पातळ होणार, थंडीत कडक होणार. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला तो गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली आणि त्या लांबच लांब, सैल साखळ्यांना मधे मधे टाके पडले. ओढलं तर ताणायचं आणि सोडलं तर परत यायचं, हे त्या टाक्यांमुळं. पण ते काम कायमचं नसतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता हे सगळे ते शिवणकाम उसवत असतात. कुठं साखळी तुटते, कुठं नको तिथं नवी गाठ बसते, आणि वरचा पापुद्रा कडक, गुळगुळीत होत जातो. बॅट कपाटात बंद ठेवली तरी हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं. मी ते एका दुपारी उरकून टाकलं होतं. त्यात उष्णतेनं गोंद सुटला, साबणाचा पातळ थर वर राहिला. पुढं असंही वाचलं की लाँग पिंपल्सवाले, म्हणजे लांब उंचवटे बाहेरच्या बाजूला असलेलं रबर वापरणारे, काही खेळाडू आपली रबरं मुद्दाम उन्हात किंवा दिव्याखाली भाजत, पिंपल्स निसरडे व्हावेत आणि समोरच्याचा स्पिन त्यांना लागूच नये म्हणून. रबर कारखान्यातून आलं तसंच वापरायचं, त्यावर कसलीही प्रक्रिया करायची नाही, असं नियम आता स्पष्ट सांगतो. म्हणजे अकराव्या वर्षी मी एक बेकायदा बॅट तयार केली होती, तीही घरच्या पावडरीवर.

दादानं सकाळी बॅट पाहिली. तो ओरडेल म्हणून मी दाराच्या फटीतून बघत होते. त्यानं फुगा दाबला, सरकवत काठापर्यंत नेला, काठ अंगठ्यानं बसवला. मग म्हणाला, "स्वच्छ झालीय मात्र." आणि गेला. मॅच हरला. तेव्हा गेम २१ चे असत. तिसरा गेम २१-१८. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी काढलं नाही. त्या एका वाक्यात राग होता की काय होतं, हे मी इतकी वर्षं उलटसुलट करून पाहिलंय. बॅटसारखंच.

तर त्या रात्री, अंगठा पुसून झाल्यावर, मी भांड्यात साधं पाणी घेतलं. साबण नाही, स्पिरिट तर नाहीच. त्यानं मिनिटभर चकाचक दिसतं आणि रबर कोरडं पडतं. मऊ फोमचा एक तुकडा भिजवून घट्ट पिळला, पाणी ठिबकणार नाही इतका. दांड्याकडून टोकाकडं, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. गोल गोल घासलं की घाण निघत नाही, नुसती जागा बदलते. काठाशी जपून, कारण तिथं स्पंज उघडा असतो आणि त्याला पाणी पिण्याची सवय आहे. पहिल्या हातातच फोम करडा झाला. दुसऱ्यात आणखी. मला धक्का बसायला हवा होता, पण बसला तो आनंदच. आपल्या हातून निघणारी घाण बघण्यात एक निर्लज्ज समाधान असतं. तिसऱ्या-चौथ्या हाताला काळा रंग वर आला, ओल्या पाटीसारखा. मग पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं, सावलीत. पिंपल्स बाहेर असलेलं रबर असतं तर पिंपल्सच्या रांगांमधून मऊ ब्रश फिरवावा लागला असता. ते काम मला आवडतं, पण माझ्याकडं तसं रबर नाही. मी बॅट टेबलावर आडवी ठेवली आणि समोर बसून राहिले. पाणी काठाकडून आत आत वाळत गेलं, आणि शेवटी मधोमध एक गोल तेवढा उरला. तोही वाळला. लाल बाजू अगदी पूर्वीसारखी वाटली. काळी बरीच सुधारली, पण मधला तो बशीएवढा चकचकीत गोल तिथंच होता. घाण निघाली होती. झीज कुठून निघणार!

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या भिडूबरोबर खेळले आणि पहिला टॉपस्पिन टेबलाबाहेर हातभर लांब गेला. दुसराही. तिसरा मी दाबून मारला तर जाळीत. आवाजही बदलला होता. पूर्वी 'टप्' असा कोरडा यायचा, आता 'टॉक्', जरा ओला, खोल. भिडू म्हणाला, "बॅट बदलली का?" मी म्हटलं, "धुतली." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

काय झालं होतं ते समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. रबराची पकड एका दिवसात जात नाही. रोज इतकी थोडी थोडी जाते की डोक्याला पत्ताच लागत नाही, पण हाताला लागतो, आणि हात काही न बोलता आपली सोय करून घेतो. चेंडू जाळीत पडायला लागतो, मग मनगट किंचित उघडतं. पुन्हा पडतो, मग कोपर थोडं वर जातं. खांदा मदतीला येतो. वर्षभरात माझा सगळा फोरहँड त्या घाणीच्या मापानं बेतला गेला होता आणि मी त्याला माझी शैली म्हणत होते. परवाच एका नवख्याला मी 'चेंडू असा उचलायचा असतो' म्हणून ती कोपराची लकब शिकवली होती, याची आता लाज वाटली. त्याची बॅट नवी होती.

आणि सर्व्हिस. समोरच्याचा स्पिन आपल्याला त्रास देतो तो आपल्याच रबरामुळं. ज्या पापुद्र्यानं मी चेंडूला धरते, त्याच पापुद्र्याला चेंडूही धरतो. पकड दोन्हीकडून असते. रबर निसरडं झालं की माझा स्पिन जातो, पण त्याचाही मला लागेनासा होतो. अँटी-स्पिन नावाचं रबर लोक मुद्दाम विकत घेतात ते याचसाठी. मला ते फुकट मिळालं होतं, धुळीतून. त्या मुलीची फिरती सर्व्हिस माझ्या बॅटवर येऊन थंड पडत होती ती माझ्या शहाणपणामुळं नव्हे, हे मला दुसऱ्या संध्याकाळी टॉवेलनं तोंड पुसता पुसता कळलं, आणि मी टॉवेल जरा जास्तच वेळ तोंडावर ठेवला.

अनुभव म्हणे.

या खेळाचा इतिहासच म्हणजे बॅटच्या पृष्ठभागावरून झालेली फसवाफसवी आहे. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. चष्मा लावलेला, किरकोळ अंगाचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि भल्याभल्यांना हरवून विजेता झाला. तोपर्यंत खेळाडू समोरच्याच्या बॅटचा आवाज ऐकून चेंडूचा अंदाज बांधत. त्याच्या बॅटला आवाजच नव्हता. पुढं १९५९ मध्ये नुसत्या स्पंजवर बंदी आली आणि जाडीला मर्यादा पडली. मग लोक एका बाजूला पकडीचं आणि दुसऱ्या बाजूला निसरडं रबर लावू लागले, दोन्ही एकाच रंगाची, आणि रॅली चालू असतानाच बॅट हातात फिरवू लागले. कुठल्या बाजूनं चेंडू आला ते कळणार कसं? आवाजावरून कळेल म्हणावं, तर सर्व्हिसच्या वेळी पाय जोरात आपटायचे. शेवटी १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लालच हवी असं ठरलं. २००८ मध्ये घर्षण जवळजवळ नसलेली लाँग पिंपल्सची रबरं गेली, आणि २०२१ च्या अखेरीपासून काळ्याच्या जोडीला लालखेरीज हिरवा, निळा, गुलाबी, जांभळाही चालतो. रंग कुठलेही असोत, कुठली बाजू कशी वागेल ते समोरच्याला कळलं पाहिजे, एवढाच त्या सगळ्याचा अर्थ. आणि अखेर मॅचआधी बॅट दाखवायची रीत आहेच, रंगानंही जे कळत नाही ते अंगठ्याला कळावं म्हणून. त्या मुलीच्या अंगठ्याला कळलंही होतं. फक्त त्याचा अर्थ लावण्याएवढी ती अजून जुनी झाली नव्हती.

नियमात एक वाक्य फार माणुसकीचं आहे. वापरानं झालेली झीज, चुकून लागलेला धक्का, किंचित उडालेला रंग, यांनी बॅटच्या वागण्यात फार फरक पडत नसेल तर चालवून घ्यावं, अशा अर्थाचं. मी त्या वाक्याच्या आडोशाला काही दिवस काढले. मग काळं रबर बदलायला घेतलं. जुनं रबर काढताना एका कोपऱ्यातून धरून, तिरकं, लाकडाच्या रेषांना सांभाळत ओढायचं, नाहीतर लाकडाचे तूस निघतात. ते फार हळू निघालं. खाली लाकूड अजून फिकं, न बघितलेलं. त्यावर राहिलेला गोंद अंगठ्यानं चोळला की त्याच्या वळकट्या होऊन निघतात, आणि त्या वळकट्यांचा ढीग बघत बसणं हा माझा आवडता वेळकाढूपणा आहे. आता पाण्यावरचा गोंद असतो, पांढरा, दुधासारखा, वाळला की पारदर्शक. पूर्वीच्या स्पीड ग्लूचा वास मात्र कुणी विसरणार नाही. मॅचच्या आधी मुलं कोपऱ्यात बसून रबरावर गोंद फासत, स्पंज फुगून चेंडू वेगात सुटायचा, आणि हॉलभर डोकं जड करणारा तो गोडसर वास. त्यातली ती उडून जाणारी द्रव्यं तब्येतीला वाईट, म्हणून २००८ मध्येच त्यांच्यावर बंदी आली. बरंच झालं. तरीही कुठं तसला वास आला की माझे पाय अजून टेबल शोधतात.

नवं रबर लावलं, काठ कापला, कागद चढवला, आणि दादाला फोन केला. तो आता खेळत नाही. गुडघे. मी सांगितलं की रबर बदललं, आधी धुऊनही पाहिलं होतं. पलीकडून क्षणभर काही नाही, मग म्हणाला, "पावडर नाही ना वापरलीस?" तब्बल चार दशकांनी. मी हसले आणि मग हसता हसताच विचारून टाकलं, ती मॅच माझ्यामुळं हरलास का. तो म्हणाला, "अगं, उलट त्या दिवशी त्याच्या सर्व्हिस मला पहिल्यांदा लागल्या नाहीत. एरवी तो मला सर्व्हिसवरच मारायचा. १८ पर्यंत गेलो ते तुझ्या पावडरीमुळं." हे खरं असू शकतं. त्या बॅटचं जे झालं होतं, त्यात ते अगदी बसतं. आणि ते मला बरं वाटावं म्हणून आत्ता रचलेलंही असू शकतं. दादा तसा आहे. मी आणखी खोदलं नाही. "स्वच्छ झाली होती मात्र," मी म्हटलं. "हो," तो म्हणाला, "स्वच्छ झाली होती."

ती मुलगी दोन आठवड्यांनी पुन्हा दिसली. या वेळी तिच्या बरोबरीची मुलं हजर होती, तरी ती माझ्याकडंच आली. हिशेब चुकता करायचा होता. मी कागद काढला, तो काढताना होणारा हलका आवाज तिनंही ऐकला असावा. बॅट तिच्यापुढं केली. तिनं हात पुढं केला, मधेच थांबवला, अंगठा शॉर्ट्सला पुसला, आणि मग बॅट घेतली. काठानं धरून. काळ्या रबरावर अंगठ्याचं नुसतं टोक टेकवलं आणि लगेच उचललं. "नवीन?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती काही बोलली नाही, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी पक्कं झालेलं मला दिसलं.

टेबलाच्या पलीकडं जाऊन तिनं चेंडू तळहातावर ठेवला, उंच उडवला. मनगटाचा तोच झटका. मी बॅट पुढं केली, जशी केली होती अगदी तशीच, आणि चेंडू माझ्या रबरानं घट्ट धरला, फिरवला, आणि शेजारच्या टेबलावर नेऊन टाकला.

"सॉरी, मावशी," ती म्हणाली. ती अजिबात सॉरी नव्हती. मी चेंडू आणायला निघाले.